कापलेल्या डोंगराचे सौंदर्य

अमेरिकन छायाचित्रणाच्या इतिहासात कार्लटन वॉटकिन्स याचे नाव योसेमिटी खोऱ्याशी कायमचे जोडले गेले आहे. १८६१ साली त्याने घेतलेली त्या खोऱ्याची चित्रे पूर्वेकडील शहरांत पोहोचली. १८६४ मध्ये लिंकन यांनी ते खोरे लोकांसाठी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली, त्यात या चित्रांचाही वाटा मानला जातो. हे श्रेय त्याला अवश्य द्यावे. परंतु सोन्यासाठी फोडलेले डोंगरही त्याने तेवढ्याच मोठ्या काचेवर टिपले, ही गोष्ट तितक्या आवर्जून सांगितली जात नाही.

त्या काळी छाप मोठी करण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. जेवढे चित्र हवे, तेवढीच काच लागे. वॉटकिन्सची काच सुमारे १८ बाय २२ इंचांची होती. तिच्यावर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती ओली आहे तोवरच चित्र घ्यावयाचे आणि लगोलग तंबूच्या काळोखात ते रसायनांनी प्रकट करावयाचे. हा सारा संभार खेचरांच्या पाठीवरून डोंगरात जाई. मात्र एवढ्या खटाटोपानंतर दगडाची भेगन्‌भेग छापेत उतरे. दूरच्या शहरातील भांडवलदाराला न पाहिलेल्या खाणीची खात्री पटवावयाची, तर याहून चांगला साक्षीदार कोठून आणावा?

कॅलिफोर्नियात १८५३ पासून जोरदार पाण्याच्या झोतांनी टेकड्या धुऊन काढून सोने मिळविण्याची रीत पडली होती. नेव्हाडा परगण्यातील नॉर्थ ब्लूमफील्डजवळची मॅलाकॉफ ही त्यांतली प्रचंड खाण. वॉटकिन्सने १८७१ च्या सुमारास तिची चित्रे घेतली. योसेमिटीतील चित्राशेजारी ही ठेवली, की नजर थबकते. येथेही उत्तुंग कडा आहे. काच प्रकाशाला दीर्घकाळ उघडी ठेवावी लागत असल्यामुळे पाण्याचा झोत धवल व निश्चल दिसतो, जणू धबधबाच. मनुष्याने केलेला घाव निसर्गाच्या भव्यतेची भाषा बोलू लागतो. यात लबाडी नव्हे. त्याच्या डोळ्याला दुसरी भाषा अवगत नव्हती, एवढेच.

या कड्यांतून सुटलेला राडारोडा यूबा नदीत उतरला. नदीचे पात्र उंचावले, शेते गाळाखाली गेली आणि १८७५ साली मेरीसव्हिल शहर पुरात बुडाले. अखेर ७ जानेवारी १८८४ रोजी न्यायमूर्ती सॉयर यांनी असा गाळ नदीत सोडण्यास मनाई केली. वादाचा सारा विषय नदीच्या खालच्या अंगाला होता. मॅलाकॉफच्या चित्रांची चौकट मात्र कड्याशीच संपते.

कॅनडाच्या एडवर्ड बर्टिन्स्की याने १९९६ मध्ये सडबरी येथील निकेलच्या टाकाऊ गाळाचा केशरी ओहोळ टिपला, तेव्हापासून विद्रूपतेला देखणे करण्याचा आक्षेप त्याच्यावर पुनःपुन्हा घेतला गेला आहे. आक्षेप निराधार नाही. मात्र बर्टिन्स्कीला त्या देखणेपणाची जाणीव आहे. प्रेक्षकाला खिळवून मग अस्वस्थ करावे, हाच त्याचा हेतू. वॉटकिन्सच्या चित्रांत ही अस्वस्थता नाही. ती आजचा प्रेक्षक आपल्याबरोबर घेऊन येतो.

१९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत वॉटकिन्सचा सॅन फ्रान्सिस्को येथील संग्रह जळाला. १९१६ मध्ये नापा येथील मनोरुग्णालयात त्याचे निधन झाले. मॅलाकॉफची खाण आज राज्याचे संरक्षित उद्यान आहे, आणि पाण्याने कापलेले ते कडे पाहण्यासाठी प्रवासी तेथे जातात.