राघूचा पिंजरा आणि कायदा

आम्हा बडोदेकर मराठी कुटुंबांत पोपट हा परका पक्षी कधीच नव्हता. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरांच्या ओसरीवर पिंजरा टांगलेला असे. आत वाटीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि एखादी हिरवी मिरची. आजी रोज सकाळी त्याला 'विठू विठू' म्हणायला शिकवी. आज तोच पिंजरा गुन्हा ठरतो. हे कसे घडले, हे आमच्या पुढच्या पिढीला ठाऊक असावे म्हणून हा लेख.

पोपटाचे कौतुक आमच्या गावात राजवाड्यापर्यंत पोचलेले होते. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या पदरी शिकवलेले पोपट होते. ते चांदीची चिमुकली सायकल चालवत आणि छोट्या तोफेला बत्ती देत. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या, महाराजांकडे वर्षभर राहिलेल्या वीडन या इंग्रज पाहुण्याच्या पुस्तकात या खेळांचे वर्णन आहे. राजाला जे शोभते ते रयतेलाही हवेसे वाटते. घरोघर पिंजरे होते, त्यात नवल नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला, तरी पक्षीबाजार चालूच राहिले. देशी रानपक्ष्यांच्या व्यापारावर पूर्ण बंदी आली ती १९९०-९१ च्या सुमारास. बंदीमागचे कारण आम्हाला पिंजऱ्याजवळ बसून दिसत नसे. पोपट झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या भोकात अंडी घालतो. बाजारात येणारी पिले या ढोलीतूनच काढलेली असत. घरी येणाऱ्या एका पिलामागे वाटेत किती मेली, ते विकणारा सांगत नसे आणि घेणारा विचारत नसे. खांद्यावर तांबडा पट्टा असलेला मोठा पोपट तर आज जगभरच्या संकटाजवळ आलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे.

आता खरी गुंतागुंत पाहा. २००३ मध्ये सरकारने जुने पाळीव वन्यप्राणी, शिंगे, कातडी जाहीर करण्यासाठी १८० दिवसांची मुदत दिली. पण ती मुख्यतः पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्यांसाठी होती. पोपट तेव्हा चौथ्या परिशिष्टात, म्हणून त्याला ती मुदत नव्हती. २०२० मध्ये परदेशी प्राणी-पक्षी पाळणाऱ्यांना स्वतःहून नोंद करण्याची संधी मिळाली आणि त्या वेळी कागदपत्रे मागितली नाहीत. २०२४ मध्ये अशा नोंदणीचे नियमही आले. म्हणजे आफ्रिकेतला राखाडी पोपट नोंद करून दिवाणखान्यात बसू शकतो, आणि आमचा हिरवा राघू मात्र नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

मग देशी पोपटालाही मोकळीक द्यावी का? आम्हाला वाटते, सरसकट देऊ नये. आफ्रिकेतल्या पोपटाचे पिलू आमच्या वडावरून चोरता येत नाही, राघूचे येते. बाजार उघडला की पिंजऱ्यात जन्मलेले पिलू कोणते आणि ढोलीतून काढलेले कोणते, हे कोण ओळखणार? पिलू अगदी लहान असतानाच पायात चढते असे बंद कडे हा एक उपाय आहे, पण त्याची काटेकोर तपासणी होईल अशी व्यवस्था आपल्याकडे दिसत नाही. कागद कसा तयार होतो हे आम्हा सरकारी नोकरांना वेगळे सांगायला नको.

पण जे राघू आधीच म्हातारे झाले, त्यांचे काय? आमच्या ओळखीच्या एका घरी वीस वर्षांचा राघू आहे. त्याला उडता येत नाही. काकू विचारतात, "याला नेलं तर तिथे याच्याशी बोलणार कोण?" या प्रश्नाचे उत्तर कायद्यात नाही. सोडून द्यावे तर तो चार दिवस जगणार नाही. ठेवावे तर काकू गुन्हेगार.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, परदेशी पक्ष्यांना मिळाली तशी एक मुदत या म्हाताऱ्या राघूंनाही मिळावी. छायाचित्रासह नोंद व्हावी. विक्री नको, हस्तांतर नको, आणि तो गेल्यावर दुसरा आणायचा नाही. असे झाले तर घरातला पिंजरा हळूहळू आपोआप रिकामा होईल आणि कोणाला लपावे लागणार नाही.

तोवर आमच्या मंडळींना विनंती आहे की, नवा पोपट कोणी विकत घेऊ नये आणि जुना कोणी घाईने उडवून देऊ नये. पहाटे कमाटीबागेत गेलात तर झाडांवर राघूंचा गोंगाट ऐकू येतो. त्यांना 'विठू' म्हणायला कोणी शिकवलेले नाही. तरी ऐकत उभे राहावेसे वाटते.