शिवसमुद्रमची वीज

म्हैसूर संस्थानात कावेरी शिवसमुद्रमला कड्यावरून कोसळते. कोलारच्या सोन्याच्या खाणी तेथून सुमारे ९२ मैल दूर. तेथवर शक्ती न्यायची कशी, हा दिवाण सर शेषाद्री अय्यर यांच्यापुढील प्रश्न होता. तारेतून वाहताना काही वीज उष्णता होऊन वाया जाते आणि प्रवाह दुप्पट झाला की ही हानी चौपट होते. तार जाड केली तर हानी घटते. पण ९२ मैलांचे जाड तांबे कोणाला परवडणार? तोडगा निघाला तो दाब वाढवण्याचा. दाब दसपट झाला की तीच शक्ती एकदशांश प्रवाहात जाते आणि त्याच तारेतील हानी शंभरावा हिस्सा उरते. १९०२ साली ३० हजार व्होल्टांच्या आसपासच्या दाबाने वीज कोलारला पोचली. शेषाद्री अय्यर मात्र १९०१ मध्येच निवर्तले होते. १९०५ मध्ये बंगलोर, १९०८ मध्ये म्हैसूर शहर उजळले.

मोटारीत ध्वनिवर्धक बसवणाऱ्या आजच्या कारागिरापुढेही हाच नियम उभा असतो. बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट; ६०० वॅटांसाठी ५० अँपिअर प्रवाह लागतो. दाब हाती नसल्यामुळे चार हातांच्या अंतरालाही त्याला जाड तारच घ्यावी लागते.