कंसातले नाव

श्रोतेहो, आपल्याकडचा गवई मैफलीत गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. ही रीत शिष्टाचाराची खरी. पण तिच्यात एक हिशेबही आहे. जे मी गातो आहे ते सगळे माझे नव्हे, एवढे तो चारचौघांत कबूल करतो. पुढे ध्वनिमुद्रिका निघाल्या, गाणे दुकानात विकत मिळू लागले, तेव्हा या कबुलीला जागा उरली ती तबकडीच्या मध्यभागी चिकटवलेल्या गोल कागदावर, गाण्याच्या नावाखाली, कंसात, बारीक टाइपात. आज मी अशाच एका कंसाची हकीकत सांगणार आहे. तबकडी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातली, १९५४ सालची. गायक एल्व्हिस प्रेस्ली, वय वर्षे एकोणीस. गाण्याचे नाव 'दॅट्स ऑल राइट'. प्रेस्लीचे नाव आपणांपैकी बहुतेकांच्या कानांवरून गेले असेल. परंतु त्याची ही पहिली तबकडी घडली कशी, लोकांनी ती उचलून धरली कशी, आणि तिचे देणे कोणाला पोचले व कोणाला पोचले नाही, हे त्या मानाने थोड्यांना ठाऊक असते.

मेम्फिस हे मिसिसिपी नदीच्या काठचे, कापसाच्या व्यापारावर वाढलेले शहर. गोऱ्यांची शाळा वेगळी, कृष्णवर्णीयांची वेगळी. बसमधली आसने वेगळी. इतकेच काय, व्यापारी मासिकांत तबकड्यांच्या खपाच्या याद्याही वेगळ्या. कृष्णवर्णीयांच्या गाण्याला 'रिदम अँड ब्लूज' म्हणावयाचे, खेड्यातल्या गोऱ्यांच्या गाण्याला 'कंट्री'. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, शाळांतून असा वर्णभेद पाळणे घटनाबाह्य आहे, असा निकाल दिला होता. आपली तबकडी मुद्रित झाली ती त्यानंतर अवघ्या सात आठवड्यांनी. समाजातल्या भिंती अद्याप जशाच्या तशा उभ्या होत्या. नभोवाणीच्या लहरींना मात्र भिंत अडवू शकत नाही. गोऱ्यांच्या घरातला मुलगा रात्री सूचीची खुंटी जराशी फिरवी, आणि पलीकडच्या वस्तीतले गाणे त्याच्या खोलीत अवतरे. एल्व्हिस हा असाच एक खुंटी फिरवणारा मुलगा होता.

त्याचा जन्म ८ जानेवारी १९३५ चा, मिसिसिपी राज्यातल्या टुपेलो गावी, दोन खोल्यांच्या घरात. बाप मोलमजुरी करणारा. १९४८ मध्ये हे कुटुंब मेम्फिसला आले आणि पुढे गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी चाळींत राहू लागले. १९५३ मध्ये एल्व्हिसने शाळा संपवली. पुढे विजेची कामे करणाऱ्या एका कंपनीत तो मालमोटार चालवू लागला. चर्चमधली भक्तिगीते, कंट्री गाणी, ब्लूज, चित्रपटांतली प्रेमगीते, जे जे कानांवर पडेल ते ते त्याने साठवून ठेवले होते. संगीताचे रीतसर शिक्षण म्हणाल तर काहीच नाही.

शहरातल्या युनियन अॅव्हेन्यूवर, ७०६ क्रमांकाच्या लहानशा गाळ्यात सॅम फिलिप्स नावाच्या गृहस्थाने १९५० च्या जानेवारीत ध्वनिमुद्रणाची खोली थाटली होती. हा मूळचा नभोवाणीतला माणूस. लग्न असो, सभा असो की अंत्यविधी असो, पैसे द्याल तर तो यंत्र घेऊन येई आणि मुद्रण करून देई. पोटापाण्याचा हा उद्योग झाला. त्याचा खरा जीव होता कृष्णवर्णीय गायकांच्या गाण्यात. बी. बी. किंग, हाउलिन वुल्फ अशा, पुढे कीर्ती पावलेल्या कलावंतांचे आरंभीचे मुद्रण याच खोलीतले आहे. १९५२ पासून 'सन' या नावाने तो स्वतःच्या तबकड्याही काढू लागला. पण त्याचा एक अनुभव कडवट होता. या गाण्यांवर गोरी मुले लुब्ध होत, तरी ती गोऱ्यांच्या दुकानांत आणि गोऱ्यांच्या केंद्रांवर सहजी शिरत नसत.

याच खोलीत १९५३ च्या उन्हाळ्यात एल्व्हिस आला. सुमारे चार डॉलर मोजून त्याने स्वतःच्या आवाजात दोन संथ प्रेमगीते एका तबकडीवर उतरवून घेतली. तिथल्या साहाय्यक मॅरियन कीस्कर यांनी त्याला, तू कोणासारखा गातोस, असे विचारले. तेव्हा आपण कोणासारखेच गात नाही, असे त्याने उत्तर दिल्याची आठवण त्यांनी पुढे सांगितली. बाईंनी त्याचे नाव टिपून ठेवले. तरीही त्याला बोलावणे आले ते जवळजवळ वर्षाने, १९५४ च्या जूनमध्ये. एक नवे गाणे फिलिप्सने त्याच्याकडून गाऊन घेतले. ते जमले नाही. मग त्याने गिटारवादक स्कॉटी मूर आणि बास वाजवणारा बिल ब्लॅक या दोघांच्या हाती या मुलाला सोपवले.

सोमवार, ५ जुलै १९५४. तिघे संध्याकाळी त्या खोलीत जमले. दिवसाची नोकरी सांभाळून गाण्याला बसणारी ही मंडळी. एकामागून एक संथ गीते झाली. पण एकातही जीव उतरेना. उशीर झाला, सगळे थकले, विश्रांतीसाठी थांबले. आणि त्या मोकळ्या वेळात एल्व्हिसने केवळ गंमत म्हणून गिटार हाती घेतली, उड्या मारीत आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे एक जुने गाणे तो झपाट्याने गाऊ लागला. बिल ब्लॅकही त्याच थट्टेत सामील झाला, मागोमाग स्कॉटी मूरही. शेजारच्या यंत्राच्या खोलीतून फिलिप्सने डोके बाहेर काढले आणि हे काय चालले आहे, म्हणून विचारले. तिघांनी सांगितले की आम्हांलाही ठाऊक नाही. फिलिप्स म्हणाला की मग मागे जा, आरंभ कोठून करावयाचा ते ठरवा, आणि पुन्हा करा.

श्रोतेहो, या तबकडीच्या निर्मितीतला खरा क्षण मला हाच वाटतो. तासन्‌तास प्रयत्नपूर्वक गायलेले गाणे बाजूला ठेवून, थट्टेत निघालेले गाणे हेच खरे गाणे, हे ओळखणारा कान तिथे हजर होता. तो नसता तर ती पाच मिनिटांची मौज त्या खोलीतच विरून गेली असती.

साहित्य म्हणावे तर अगदी तुटपुंजे. दोन गिटारी, एक बास, एक गळा. ढोल नाही, ताशा नाही. ठेका धरला तो बिल ब्लॅकने बासच्या तारा फळीवर आपटून आणि एल्व्हिसने गिटारीच्या तारांवर हात मारून. निरनिराळे सूर वेगवेगळे मुद्रित करून मागाहून जुळवण्याची सोय तिथे नव्हती. जे एका दमात होईल तेच खरे. फिलिप्सपाशी एक युक्ती मात्र होती. टेपयंत्रात आवाज नोंदणारे टोक आणि तो वाचणारे टोक यांत थोडे अंतर असते. दुसऱ्या टेपयंत्रावरून किंचित उशिराने येणारा आवाज तो मूळ आवाजात मिसळी. त्यामुळे विहिरीच्या कठड्यावरून हाक मारावी तसा एक निसटता प्रतिध्वनी गाण्याला येई. सगळे गाणे दोन मिनिटांहूनही थोडे कमी भरले.

तबकडीला दुसरी बाजूही लागते. त्यासाठी पुढच्या बैठकीत त्यांनी बिल मन्रो या विख्यात गोऱ्या कंट्री गायकाचे 'ब्लू मून ऑफ केंटकी' निवडले. मूळ गाणे तीन मात्रांच्या संथ झुलत्या लयीतले. या तिघांनी ते चार मात्रांत आणि दुप्पट जोमात बसवले. म्हणजे एका बाजूला कृष्णवर्णीयाचे गाणे, दुसऱ्या बाजूला गोऱ्याचे, आणि दोन्हींचा नूर पालटलेला. कायद्याने आणि रूढीने जी माणसे बसमध्ये शेजारी बसू शकत नव्हती, त्यांची गाणी एकाच तबकडीच्या दोन अंगांना येऊन बसली.

आता तिच्या स्वागताची कथा. मेम्फिसच्या एका केंद्रावर ड्यूई फिलिप्स नावाचा निवेदक रात्री कृष्णवर्णीयांची गाणी लावीत असे. आडनाव एक असले तरी सॅम फिलिप्सशी त्याचे नाते नव्हते. स्वतः गोरा, बोलण्यात विलक्षण वाचाळ, आणि श्रोते दोन्ही वर्णांचे. मुद्रणानंतर तीनचार दिवसांतच, तबकडी दुकानात येण्यापूर्वी, त्याने ती वाजवली. दूरध्वनी खणाणू लागले, तारा येऊ लागल्या. आणि त्याने तेच गाणे त्या एका रात्री पुन्हा पुन्हा लावले. एल्व्हिस घरी नव्हताच. आईवडिलांना रेडिओ लावून देऊन, संकोचाने, तो चित्रपटगृहाच्या अंधारात जाऊन बसला होता. तिथून त्याला शोधून केंद्रावर नेण्यात आले. त्याचा थरकाप पाहून ड्यूईने, मुलाखत सुरू होईल तेव्हा सांगेन, असे म्हणून ध्वनिक्षेपक आधीच चालू ठेवला आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. त्यातला एक प्रश्न होता, शाळा कोणती. एल्व्हिसने ह्यूम्स हायस्कूलचे नाव सांगितले. मेम्फिसमध्ये शाळेच्या नावावरून वर्ण कळत असे. हा आवाज गोऱ्या मुलाचा आहे, हे श्रोत्यांना त्या एका उत्तराने समजले.

आपल्याकडेही त्याच सुमारास, १९५२ च्या अखेरीपासून, रेडिओ सिलोनवरच्या 'बिनाका गीतमाले'कडे श्रोत्यांच्या पत्रांचा पूर लोटत असे. गाणे कोणी घडवले हे एक, आणि ते कोणी मोठे केले हे दुसरे; या दुसऱ्या कामात नभोवाणीचा श्रोता जगभर भागीदार आहे.

१९ जुलै रोजी तबकडी रीतसर विक्रीस आली. सर्वत्र स्वागत झाले असे मात्र नव्हे. कित्येक गोऱ्या निवेदकांना ती फार 'काळी' वाटली. कित्येक कृष्णवर्णीय निवेदकांना ती खेडवळ वाटली. कंट्री केंद्रांनी मन्रोच्या गाण्याची बाजू पसंत केली. ३० जुलैला मेम्फिसच्या ओव्हरटन उद्यानातल्या रंगमंचावर एल्व्हिस उभा राहिला, तेव्हा तालाबरोबर त्याचे पाय असे थरथरू लागले की मुलींनी किंकाळ्या फोडल्या. लोक ओरडतात तरी का, हे आरंभी त्याचे त्यालाच उमजेना. ऑक्टोबरमध्ये नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या प्रतिष्ठित कार्यक्रमात मात्र त्याचे स्वागत बेताचेच झाले. तिथे त्याला बिल मन्रो भेटला. गाणे बदलल्याबद्दल एल्व्हिसने क्षमा मागितली. मन्रोने ती सहज स्वीकारली. त्याने तर सप्टेंबरमध्ये आपलेच गाणे पुन्हा मुद्रित केले होते, आरंभ जुन्या लयीत आणि उत्तरार्ध या पोरांच्या चार मात्रांत!

तबकडीच्या सुमारे वीस हजार प्रती खपल्या असे सांगतात. राष्ट्रीय यादीत ती चढली नाही. पण दीड वर्षाच्या आतच, १९५५ च्या नोव्हेंबरात, आरसीए व्हिक्टर या बलाढ्य कंपनीने एल्व्हिसचा करार फिलिप्सकडून ३५,००० डॉलरांना विकत घेतला. पुढचा इतिहास जगाला माहीत आहे.

आता कंसाकडे वळतो. 'सन'च्या त्या पिवळ्या कागदावर गाण्याच्या नावाखाली आर्थर क्रुडपचे नाव छापलेले होते. हा मिसिसिपीतला शेतमजूर, १९०५ चा जन्म. हे गाणे त्याने १९४६ मध्ये शिकागोत मुद्रित केले होते, आणि तेही कोणासाठी? पुढे एल्व्हिसला विकत घेणाऱ्या त्याच व्हिक्टर कंपनीसाठी. पण गाण्याचे हक्क गुंतले होते मध्यस्थाच्या करारात. मुद्रणाच्या दिवशीची ठरीव बिदागी हाती पडे; खपावरचा वाटा भलतीकडेच जाई. कंटाळून त्याने मुद्रण सोडले आणि तो पुन्हा शेतावर राबू लागला. एल्व्हिसने १९५६ मध्ये एका वृत्तपत्राच्या प्रतिनिधीला क्रुडपचे नाव घेऊन सांगितले होते की, टुपेलोत त्याचे गाणे आपण ऐकत असू, आणि त्याच्या अंतरीची भावना आपल्याला साधली तर आपण कृतार्थ होऊ. म्हणजे कानाच्या पाळीला हात लागला होता. पैसे मात्र पोचले नाहीत. सत्तरीच्या आरंभी सुमारे ६०,००० डॉलरांची तडजोड ठरली, कागद तयार झाले, क्रुडपने सही केली. ऐन वेळी समोरच्या पक्षाने सही नाकारली. २८ मार्च १९७४ रोजी क्रुडप वारला. वारसांना काही रक्कम मिळाली ती त्याच्या पश्चात.

याला चोरी म्हणावे काय? मला ते इतके सरळ वाटत नाही. क्रुडपच्या गाण्यातले काही शब्द त्याच्याही आधी, १९२६ मध्ये, ब्लाइंड लेमन जेफर्सन या अंध गायकाच्या तबकडीत आढळतात. गाणे ओव्यांसारखे जात्यावरून जात्यावर जाते. एकाने दुसऱ्याचे गाऊ नये असा नियम केला तर संगीतच आटेल. अन्याय गाण्यात नव्हता. गाणे हातोहात गेले आणि मोबदला मात्र वाटेत अडला, अन्याय इथे होता. आणि तो कोठे अडला हे पाहू गेल्यास तिथे पुन्हा तीच शाळेची, बसची आणि खपाच्या यादीची भिंत दिसते. लहरींनी ती ओलांडली. हिशेबाच्या वहीने ओलांडली नाही.

फिलिप्सचा कान, तिघांची थट्टा, ड्यूईचा हट्ट, मेम्फिसच्या श्रोत्यांचे दूरध्वनी, आणि या सर्वांच्या तळाशी एका शेतमजुराचे गाणे. एवढ्या हातांनी ती दोन मिनिटे घडली. आपल्याकडेही कित्येक लावण्या आणि भजने आपण आवडीने ऐकतो, आणि ती रचली कोणी हे विचारीत नाही. आज तर गाणे खिशातल्या यंत्रातून येते. फिरणारी तबकडीही नाही आणि तिच्यावरचा गोल कागदही नाही. तेव्हा एखादे गाणे मनाला भिडले, तर ते गाणाऱ्याच्या नावाखाली आणखी कोणाचे नाव असावयास हवे होते, एवढे एकदा विचारून पाहावे. ऐकणाऱ्याने कानाच्या पाळीला हात लावण्याची तीच रीत आहे.