साथीचे दिवस आणि मनाचे रुग्ण

साथीचा रोग गांवांत शिरला, म्हणजे समाजाचें सारें लक्ष त्या एकाच व्याधीकडे लागतें, आणि तें साहजिकही आहे. घराला आग लागली असतां अंगणांतल्या तुळशीला पाणी घालीत कोणी बसत नाहीं. परंतु इतर व्याधी साथ ओसरेपर्यंत थांबून राहत नाहींत. त्यांतही ज्यांची व्याधी मनाची आहे, अथवा ज्यांना मद्याचें व्यसन जडलें आहे, त्यांची आठवण बहुधा सर्वांत शेवटीं होते. असें कां व्हावें, या प्रश्नाचें उत्तर पुणें जिल्ह्याच्या आग्नेयेस असलेल्या बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांकडे पाहिलें असतां आणि गेल्या सव्वाशें वर्षांचा इतिहास चाळला असतां पुष्कळ अंशीं सांपडतें.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला व लवकरच त्यानें पुण्यासही ग्रासलें. त्या संकटांतून १८९७ चा साथरोग कायदा जन्मास आला. हा कायदा अवघ्या चार कलमांचा होता. प्रवाशांची तपासणी करावी, संशयितांना वेगळें ठेवावें, असे अधिकार त्यानें सरकारला दिले. पुण्यांत ते कसे वापरले गेले आणि त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडवरील हल्ल्यांत कसा झाला, हें सर्वश्रुत आहे. त्यानंतर पंधरा वर्षांनीं, म्हणजे १९१२ सालीं, वेड्यांसंबंधींचा कायदा झाला. त्याचाही भर रुग्णास भिंतीआड सुरक्षित ठेवण्यावरच होता. प्लेगच्या रोग्यास गांवाबाहेर न्यावें, वेड्यासही गांवाबाहेर न्यावें. दोन्ही कायद्यांचा उपाय एकच, तो म्हणजे वेगळें करणें. साथ चालू असतांना मनोरुग्णाचे उपचार कसे चालावयाचे, या प्रश्नाला दोहोंपैकीं एकाही कायद्यांत जागा नव्हती.

पुणें जिल्ह्यापुरतें बोलावयाचें, तर या उपायाचें नांव होतें येरवडा. येथील मनोरुग्णालय पुढें वाढत जाऊन २,५४० खाटांचें झालें आणि आशिया खंडांतील मोठ्या मनोरुग्णालयांत गणलें जाऊं लागलें. पण बारामतीपासून पुणें सुमारें शंभर किलोमीटर, आणि इंदापूर त्याहूनही दूर. रुग्णाचें घर एकीकडे आणि औषध दुसरीकडे, ही स्थिति पिढ्यान्‌पिढ्या चालली. १९८२ मध्यें राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला आणि १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. उपचार रुग्णाच्या जवळ न्यावेत, हा विचार तेव्हां कोठें सरकारी कागदांतून व्यवहारांत उतरूं लागला.

व्यसनाच्या बाबतींत पुण्यानें एक निराळा धडा घालून दिला. २९ ऑगस्ट १९८६ रोजीं येरवड्याच्या त्याच मनोरुग्णालयाच्या आवारांत ‘मुक्तांगण’ सुरू झालें. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं तें उभारलें, आणि पु. ल. देशपांडे व सुनीता देशपांडे यांनीं त्यास भरघोस साहाय्य केलें. दारू सोडणें ही एका दिवसाची प्रतिज्ञा नसून रोजची वाटचाल आहे, आणि त्या वाटेवर सोबती लागतात, हें या कामानें पुष्कळांस पटवून दिलें. केंद्रांतून घरीं गेल्यावरही माणसानें वरचेवर भेटीला यावें, चार समदुःखी माणसांत बसावें, बोलावें, यांतच अर्धी चिकित्सा असते. परंतु अशी चिकित्सा ये-जा करण्यावर अवलंबून आहे, हेंही येथें ध्यानांत घेतलें पाहिजे.

ही ये-जाच २०२० सालीं थांबली. मार्च महिन्यांत महाराष्ट्रानें कोविडच्या साथीसाठीं तोच १८९७ चा कायदा पुन्हां हातीं घेतला. एसटीच्या गाड्या उभ्या राहिल्या, आणि २५ मार्चपासून सर्व देशांत टाळेबंदी आली. एप्रिलमध्यें राजस्थानांतील भिलवाड्याच्या धर्तीवर सारें बारामती शहर बंद करण्यांत आलें व किराणा, दूध, भाजीपाला घरपोच देण्याची व्यवस्था झाली. संसर्ग रोखण्याच्या दृष्टीनें ही योजना नेटकी होती. पण गव्हाचें पीठ दारांत पोंचविणें जितकें सोपें, तितकें मनाच्या आजारावरील औषध पोंचविणें सोपें नसतें. त्यासाठीं वैद्याची ताजी चिठ्ठी लागते, आणि कित्येक घरीं तर असें औषध चालू आहे हें शेजाऱ्यालाही ठाऊक नसतें. मग तें मागावयाचें तरी कोणाकडे?

या खंडाचा परिणाम काय होतो, हें वैद्यकशास्त्रास चांगलें ठाऊक आहे. छिन्नमनस्कतेचा रुग्ण औषध सोडतो तेव्हां पहिले कांहीं दिवस त्याला बरेंच वाटतें. पुढें कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं आजार उलटतो. लिथियम घेणाऱ्याच्या रक्ताची वेळोवेळीं तपासणी करावी लागते. मद्याचें तर याहून कठीण. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकीं तुटली, तर कांहीं तासांतच हात कांपूं लागतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊं शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन प्राणावरही बेततें. वेळेवर औषध व थायमिन हें जीवनसत्त्व मिळालें, तर हा धोका बहुतांशीं टळतो. टाळेबंदीबरोबर दारूची दुकानें बंद झालीं, तीं महाराष्ट्रांत मे महिन्याच्या आरंभीं उघडूं लागलीं. केरळांत तर सरकारनें ३० मार्च रोजीं वैद्याच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा हुकूम काढला, व तेथील उच्च न्यायालयानें २ एप्रिलला त्यास स्थगिति दिली. रोग्याला औषधाऐवजीं रोगाचें कारणच द्यावें कीं काय, असा पेंच पडावा, यांतच पूर्वतयारीचा अभाव दिसून येतो.

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यास या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. उसाच्या मळीपासून मद्यार्क निघतो. साथींत राज्यांतील आसवनींना हात निर्जंतुक करण्याचें द्रावण, म्हणजे सॅनिटायझर, करण्याची परवानगी मिळाली व त्याचा मोठा उपयोग झाला. तथापि एप्रिल २०२१ मध्यें, दुकानें पुन्हां बंद असतांना, यवतमाळ जिल्ह्यांतील वणी येथें तेंच द्रावण पिऊन माणसें दगावलीं. दुकान बंद केल्यानें व्यसन बंद होत नाहीं. तें अधिक घातक वस्तूकडे वळतें.

सरकार व वैद्य अगदींच स्वस्थ बसले होते, असें मात्र नाहीं. दूरध्वनीवरून उपचार करण्याचे नियम २५ मार्च २०२० रोजींच प्रसिद्ध झाले. परंतु मादक द्रव्यांच्या कायद्याखालील औषधें त्या मार्गानें लिहून देण्यास मनाई होती, आणि दारू सुटतांना लागणारीं कांहीं मुख्य औषधें नेमकीं त्याच यादींत मोडतात. ही अडचण एकट्या महाराष्ट्राची नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेनें १३० देशांची पाहणी केली, तींत शेंकडा ९३ देशांत मनाच्या आजारावरील सेवा कमीअधिक खंडित झाल्याचें ऑक्टोबर २०२० मध्यें जाहीर झालें. पुढें १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा देशभर सुरू झाली.

कोणी म्हणेल, श्वास कोंडलेल्या रोग्याला खाट मिळेना, तेथें मनोरुग्णाचा विचार कोण करणार? आक्षेप खोटा नाहीं. परंतु येथें नवी खाट मागितलेली नाहीं. मागणी आहे ती गोळ्यांच्या सांठ्याची. आणि ती मागणी कायद्यानें आधींच मान्य केली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलांत आला. आवश्यक यादींतील मनोविकारांवरील औषधें ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत विनामूल्य व सर्व काळ मिळालीं पाहिजेत, असें त्याचें अठरावें कलम सांगतें. ‘सर्व काळ’ या दोन शब्दांत साथीचा काळही येतो.

म्हणून शहाणपण साथ येण्यापूर्वीं दाखवावयाचें असतें. बारामती व इंदापूर येथें सरकारी रुग्णालयें आहेत. तेथें दोन महिने पुरेल इतका औषधांचा सांठा असावा, दारू तुटलेल्या माणसास सांभाळण्याचें शिक्षण तेथील वैद्यांस मिळालेलें असावें, आणि कोणत्या घरीं गोळ्या पोंचवावयाच्या हें आशा सेविकेला ठाऊक असून तें गुप्त राहावें. एवढें झालें तरी पुष्कळ अनर्थ टळेल. १८९७ च्या कायद्यानें माणसांना दूर ठेवावयास शिकविलें, आणि साथींत तें कधीं कधीं आवश्यकही ठरतें. पण जो आधींच आपल्या माणसांपासून दुरावलेला आहे, त्याला आणखी दूर लोटतांना त्याचें औषध तरी त्याच्या जवळ राहील, हें पाहण्याची जबाबदारी दूर लोटणाऱ्यावरच येते.