कँडल काय अडवते, काय सोडते

दर्यापूर, अकोट, बाळापूरकडच्या खारपाणपट्ट्यात स्टीलच्या फिल्टरबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: नवी कँडल टाकली तरी पाणी खारंच. तक्रार खरी आहे, पण कँडल मिठासाठी जन्मलेलीच नाही.

लंडनच्या लॅम्बेथ भागातले डोल्टन कुंभार 1827 पासून थेम्सचे घाण पाणी गाळायला मातीचे फिल्टर विकत होते. पाण्यातल्या जंतूंनी रोग होतो, हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हते. पाणी नितळ दिसले की गिऱ्हाईक खूश. पाश्चरचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी 1884 मध्ये बिनझिलईच्या पोर्सिलेनची पोकळ नळी केली आणि तिच्या छिद्रांतून जंतू पार होईनात. 1891 च्या सुमारास जर्मनीत बेर्केफेल्ड यांनी डायटम मातीची कँडल काढली. पाठोपाठ 1892 मध्ये हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने आठ हजारांवर बळी घेतले, आणि कँडलची खरी गरज लोकांना पटली.

त्याच वर्षी रशियात दिमित्री इवानोव्स्की यांनी रोगट तंबाखूचा रस शांबरलाँच्या नळीतून गाळला. गाळलेला रसही रोग लावतच राहिला! विषाणूंचा माग लागला तो असा, नळी हरली म्हणून. या कुळकथेतला सर्वांत मोलाचा प्रसंग मला हाच वाटतो. पुढे कँडलमध्ये चांदी मुरवू लागले, अडकलेले जंतू तिथेच वाढू नयेत म्हणून.

खारपाणपट्ट्यातले, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातले मीठ तर पाण्यात विरघळलेले. कँडलच्या छिद्राहून त्याचे कण शेकडो पटींनी बारीक. घासा, उकळा, बदला, ते खालच्या डब्यात उतरणारच. म्हणून तर वान आणि शहानूर धरणांचे पाणी नळाने आणावे लागले, आणि जिथे ते पुरले नाही तिथे आरओचे जार आले.

पण दर्यापूर ज्या अमरावती जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात वर मेळघाट आहे. जुलै 2022 मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत विहिरीचे दूषित पाणी पिऊन कॉलरा पसरला, माणसे दगावली. तो जंतू बिनतड्याची, वेळेवर घासलेली कँडल अडवू शकते. मात्र तासाला जेमतेम दोन-चार लिटर पाणी ठिबकते. एका घराला ते पुरेल. गावासाठी विहिरीतच क्लोरीन टाकावे लागते.