स्पोर्ट टूरिंग मोटारसायकल

स्पोर्ट टूरिंग मोटारसायकल हा वेगवान क्रीडा-मोटारसायकल आणि लांब पल्ल्याची प्रवासी मोटारसायकल या दोहोंच्या गुणांचा मेळ घालणारा दुचाकींचा वर्ग होय. सामर्थ्यवान इंजिन, वळणांवरील चपळता, वाऱ्यापासून संरक्षण देणारे फेअरिंग, दोघांना पुरेसे आसन आणि सामानाच्या पेट्या लावण्याची सोय ही या वर्गाची प्रमुख लक्षणे मानली जातात. मात्र या वर्गाची काटेकोर, सर्वमान्य व्याख्या नाही. एकाच वाहनाला एक उत्पादक स्पोर्ट टूरर म्हणतो, तर दुसरा तसेच वाहन निराळ्या नावाने विकतो. त्यामुळे निवड करताना नावापेक्षा बांधणीकडे पाहणे श्रेयस्कर ठरते.

इतिहास

या वर्गाचा आरंभ बहुधा बीएमडब्ल्यू आर १०० आरएस या १९७६ साली आलेल्या जर्मन मोटारसायकलपासून मोजला जातो. तिचे संपूर्ण फेअरिंग वातबोगद्यात चाचण्या घेऊन घडविले होते. जर्मनीतील ऑटोबान महामार्गांच्या अनेक भागांवर सरसकट वेगमर्यादा नाही. तेथे तासन्‌तास वेगाने जाणाऱ्या चालकाला वाऱ्यापासून आडोसा हवा होता, ही गरज या रचनेच्या मुळाशी होती. १९८४ मध्ये यामाहाची एफजे ११००, त्यानंतर कावासाकीची जीटीआर १००० आणि १९९० मध्ये होंडाची एसटी ११०० पॅन युरोपियन बाजारात आली. होंडाच्या या वाहनाला चार सिलिंडरांचे व्ही-रचनेचे इंजिन, शाफ्ट आणि २८ लिटरची टाकी होती. बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये आपल्या के १०० मालिकेत चाक जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा, म्हणजेच एबीएस, दिली. पुढे उंच बांधणीच्या अॅडव्हेंचर मोटारसायकली लोकप्रिय झाल्या आणि स्पोर्ट टूरिंगचा बराचसा ग्राहक तिकडे वळला.

बैठक

लांब पल्ल्यासाठी वाहन निवडताना सर्वाधिक महत्त्व बैठकीला आहे. आसन, हँडल आणि पाय ठेवण्याचे दांडे या तीन बिंदूंनी जो त्रिकोण तयार होतो, त्यावर चालकाचा सारा दिवस अवलंबून असतो. शर्यतीच्या धर्तीच्या मोटारसायकलीत हँडल खाली असते. भरधाव वेगात समोरचा वारा छातीचा काही भार उचलून धरतो, पण गावातल्या गर्दीत तोच भार पूर्णपणे मनगटांवर येतो. याउलट पाय पुढे पसरून बसण्याच्या क्रूझर वाहनात धड शिडासारखे वाऱ्यासमोर उभे राहते आणि खड्ड्यांचे हादरे थेट कण्याला बसतात. स्पोर्ट टूररमध्ये शरीर किंचित पुढे झुकलेले, गुडघे मध्यम दुमडलेले आणि पाय शरीराच्या जवळजवळ खाली असतात, त्यामुळे खड्डा दिसताच चालक पायांवर भार घेऊन आसनावरून थोडा उचलला जाऊ शकतो.

जाहिरातीत अश्वशक्तीचा आकडा ठळक असतो. आसनातील फोम किती टणक आहे हे कोणी छापत नाही. विक्रीदालनात मऊ वाटणारे आसन दोन तासांनी दबून टोचू लागते, असा अनेकांचा अनुभव आहे. म्हणून दहा मिनिटांच्या फेरीवर निर्णय न घेता, शक्य असल्यास तेच वाहन भाड्याने घेऊन निदान अर्धा दिवस चालवून पाहावे. मागे बसणारी व्यक्ती नेहमी सोबत येणार असेल तर तिलाही या चाचणीत बसवावे. तिचे आसन बहुधा अरुंद असते आणि पाय ठेवण्याचे दांडे उंच असतात.

वारा आणि इंजिन

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटरवरून १०० वर गेल्यास विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. फेअरिंगचे महत्त्व यातून स्पष्ट व्हावे. तथापि उंच काच म्हणजे उत्तम काच असे नव्हे. काचेच्या कडेवरून उसळणारा भोवऱ्यासारखा वारा नेमका हेल्मेटवर आदळला तर डोके सतत हलत राहते, आवाजाने थकवा येतो. चालकाच्या उंचीनुसार वरखाली करता येणारी काच म्हणूनच उपयुक्त.

इंजिनाच्या कमाल शक्तीपेक्षा कमी फेऱ्यांवर मिळणारा पीळ, म्हणजे टॉर्क, प्रवासात अधिक कामाचा असतो. दोन माणसे आणि भरलेल्या पेट्या घेऊन आंबोलीसारखा घाट चढताना वारंवार गिअर बदलावे लागू नयेत, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

भार, टाकी आणि चेन

वाहनाच्या पुस्तिकेत कमाल अनुज्ञेय एकूण वजन दिलेले असते. त्यातून वाहनाचे स्वतःचे वजन वजा केल्यास वाहून नेता येणारा भार मिळतो. समजा एकूण मर्यादा ४०० किलो आणि वाहन २३५ किलोचे आहे, उरले १६५. दोन माणसांचे १३५ आणि हेल्मेट, जाकिटे, पेट्या मिळून १५ किलो धरले तर सामानासाठी फक्त १५ किलो राहतात. ही वजाबाकी खरेदीपूर्वी फार थोडे लोक करतात. जड सामान खाली आणि पुढच्या बाजूला ठेवावे. मागच्या चाकाच्याही मागे असलेल्या वरच्या पेटीत ते भरल्यास पुढचे चाक हलके होऊन वाहन वेगात डोलू लागते. पेट्या लावल्यावर किती वेगाने जावे याची मर्यादा अनेक उत्पादक घालून देतात. दोघांच्या प्रवासात मागील स्प्रिंगचा ताण आणि टायरमधील हवा पुस्तिकेप्रमाणे वाढवणे आवश्यक असते.

टाकीचा विचार लिटरांत न करता किलोमीटरांत करावा. १३ लिटरची टाकी आणि लिटरमागे २५ किलोमीटर धाव असेल तर गणिताने ३२५ किलोमीटर होतात, परंतु शेवटचे दोन लिटर राखीव धरल्यास हाती २७५ उरतात.

चेन हलकी व स्वस्त असते, पण साधारण दर ५०० ते ८०० किलोमीटरला तिला तेल द्यावे लागते. पावसात त्याहूनही लवकर. शाफ्टला ही निगा लागत नाही, मात्र तो जड व महाग असतो.

भारतातील स्थिती

आयात करामुळे मोठ्या क्षमतेच्या स्पोर्ट टूरिंग मोटारसायकली भारतात महाग पडतात. कावासाकीची निन्जा १००० ही येथे विकली गेलेल्या मोजक्या वाहनांपैकी एक. मध्यम किमतीत बजाज ऑटोची ३७३ सीसी क्षमतेची डोमिनार ४०० डिसेंबर २०१६ मध्ये आली. २०२१ पासून तिला उंच काच, सामानाचा कॅरियर व पाठटेक कारखान्यातूनच बसवून मिळू लागले. या वाहनाला पूर्ण फेअरिंग नसल्याने ते काटेकोर अर्थाने या वर्गात मोडत नाही, तरी वापर तोच आहे. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना भारतात नव्या प्रकारांसाठी एप्रिल २०१८ पासून व उर्वरितांसाठी एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. तरीही ते दोन्ही चाकांना आहे की केवळ पुढच्या, हे विचारून घ्यावे.

महाराष्ट्रातील चालकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आणि मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. ज्या अखंड, सपाट, वेगवान रस्त्यांसाठी हा वर्ग जन्मला, तेच येथे त्याला बंद आहेत. प्रवास जुन्या महामार्गांवरून, गावांतल्या गतिरोधकांवरून आणि घाटांतून होतो. तेव्हा जमिनीपासून पुरेशी उंची, खड्डे पचवणारे सस्पेन्शन, ट्यूबलेस टायर आणि मार्गावरील शहरांत सेवाकेंद्र असणे, या बाबी कमाल वेगाच्या आधी तपासल्या जातात. फेअरिंगच्या तळाचे प्लॅस्टिक गतिरोधकाला घासते का, हे दोघे बसून व सामान लादूनच पाहावे लागते.