व्हॉल्व्ह घासायचा की बदलायचा? पेट्रोलमधल्या शिशाची गोष्ट

आज इतिहासच आहे, पण गॅरेजमधून सुरू होणारा. जुन्या अ‍ॅम्बॅसेडरचं हेड खोललं की मिस्तरी विचारतो, "एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह गेलाय. घासून बसवू की नवीन टाकू?" साधा प्रश्न वाटतो ना? पण त्याच्या मागे शंभर वर्षांचं राजकारण आहे.

व्हॉल्व्ह म्हणजे अळंबीच्या आकाराचा पोलादी तुकडा. इंजिन मिनिटाला २००० फेरे मारत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला हजार वेळा उघडतो आणि आपल्या सीटवर आपटून बंद होतो. एक्झॉस्टचा तर लालभडक तापतो, आणि त्याची बरीचशी उष्णता जाते ती सीटला टेकल्यावरच. नीट टेकला नाही की गॅस गळतो, कड जळते, कॉम्प्रेशन जातं.

झीज थोडी असेल तर घासतात. कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावायची, रबरी चोखणीची काठी चिकटवायची आणि ताकाची रवी फिरवावी तशी दोन्ही तळहातांत फिरवायची. सगळीकडे सारखी करडी रिंग दिसली की झालं. मग रॉकेल ओतून बघायचं, झिरपतंय का. कड सुरीसारखी पातळ झालीय, जळलीय किंवा दांडी वाकलीय? मग घासत बसू नका, नवीन टाका.

आता १९२१ मध्ये चला. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली इंजिनचं नॉकिंग थांबवायला औषध शोधत होता. त्याला सापडलं टेट्राएथिल लेड, म्हणजे शिसं. शिसं विषारी असतं हे तेव्हा माहीत नव्हतं असं नाही, ते शतकानुशतकं माहीत होतं. म्हणून बाजारात नाव ठेवलं 'इथिल'. नावात शिशाचा पत्ताच नाही! ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या बेवे रिफायनरीत ते बनवणारे कामगार भ्रमिष्ट झाले, पाच जण गेले. त्याच महिन्यात मिजलीने पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुऊन दाखवले. आदल्या वर्षी त्याने स्वतः शिशाच्या विषबाधेमुळे विश्रांती घेतली होती, हे विशेष.

आणि गंमत ऐका. सुरुवातीला शिशाने व्हॉल्व्हचं वाटोळंच केलं. राख कडेवर चिकटायची, म्हणून ती बाहेर काढायला पेट्रोलमध्ये आणखी एक रसायन मिसळावं लागलं. पण जो पातळ थर उरायचा, तो सीटवर गादीसारखा बसायचा. तापलेलं लोखंड लोखंडाला चिकटून त्याचे कण उपटले जात नव्हते. त्यामुळे कितीतरी कंपन्यांनी वेगळी कडक सीट बसवलीच नाही. बिडाच्या हेडमध्येच सीट कापली, काम स्वस्तात झालं. ब्रिटनच्या मॉरिसवरून आलेल्या आपल्या अ‍ॅम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं.

तिकडे १९६५ मध्ये क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने सांगितलं की माणसाच्या शरीरात नैसर्गिक प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त शिसं साठतंय. त्याला प्रचंड विरोध झाला. शेवटी देश एकेक करून बाहेर पडले. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच. जगात सगळ्यात शेवटी थांबला अल्जेरिया, २०२१ मध्ये.

गादी गेली. मऊ सीट झिजायला लागली आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसायला लागला. यातली फसवी गोष्ट म्हणजे टॅपेटचा गॅप वाढत नाही, कमी होतो. टकटक थांबते आणि मालक खूश, "इंजिन काय शांत झालंय!" प्रत्यक्षात व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नसतो.

म्हणजे मिस्तरीच्या प्रश्नाचं उत्तर कधीकधी दोन्हीपैकी नसतं. घासलात तर मऊ सीट आणखी थोडी जाते. नवीन टाकलात तर तोही त्याच खड्ड्यात बसतो. खरा इलाज म्हणजे हेड मशीन शॉपला नेऊन जुनी सीट कोरून काढायची आणि कडक धातूची रिंग ठोकून बसवायची. खर्च जास्त, गाडी काही दिवस उभी. टॅक्सीवर पोट असणाऱ्याला हे सांगणं सोपं नाही, मान्य. "आत्ता घासून द्या, पुढचं पुढे" हे मला कळतं.

पण म्हणून "शिशाचं पेट्रोलच बरं होतं" असं कुणी म्हटलं की मी वाद घालतो. गाडीवाल्याचे सीट कापायचे पैसे वाचत होते, कारण ते शिसं रस्त्याकडेच्या पोरांच्या रक्तात जात होतं. बिल कुणीतरी भरतच होतं ना?

तुमच्याकडे आजोबांची अशी गाडी असेल तर लगेच हेड खोलायला धावू नका. हळू चालणाऱ्या, कमी फिरणाऱ्या गाडीची सीट बरीच वर्षं टिकू शकते. टॅपेटचा गॅप मोजा, वहीत लिहा, दर सर्व्हिसला तपासा. एक्झॉस्टचा गॅप पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर मिस्तरीला व्हॉल्व्हचं नंतर विचारा, आधी सीटचं विचारा.

चला, भेटू पुढच्या भागात!